वाचणारी मुलगी, बोलणारा मुलगा

वारसिनीच्या टपरीवर कागद नसायचा. केदुंगवारूच्या बाजारात पेचेल विकणाऱ्या बायका बऱ्याच होत्या. उकडलेल्या भाज्या, वर शेंगदाण्याची तिखट चटणी, आणि ते सगळं बांधून द्यायला रद्दीतली वर्तमानपत्रं नाहीतर शाळेच्या फाटक्या वह्या. वारसिनी मात्र सागाच्या पानात बांधून द्यायची. तिचा नवरा प्रायित्नो लाकडाच्या वखारीत कामाला होता, तो येताना सायकलला पानांचा भारा बांधून आणायचा. पानाचा वास उतरतो म्हणून हिच्या हातचं चविष्ट लागतं, असं गिऱ्हाइकं म्हणायची आणि ती हसून मान डोलवायची. चवीशी त्याचा काही संबंध नव्हता. छापलेला कागद आपल्या हातून दुसऱ्याच्या हातात जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं. कुठल्या चिटोऱ्यावर काय लिहिलेलं असेल, ते कुणाच्या नजरेला पडेल आणि कुठून आलं असं कुणी विचारलं तर बोट कुणाकडे वळेल, याचा काही नेम नव्हता.

घरातही तसंच. भिंतीवर वखारीचं कॅलेंडर, फळीवर प्रार्थनेची पुस्तिका आणि मुलांची शाळेची पुस्तकं. याच्यापलीकडे अक्षर म्हणून घरात काही नको, असा तिचा दंडक. प्रायित्नो त्यावर कधी काही बोलला नाही. लग्न ठरताना त्याला एवढंच कळलं होतं की मुलीला एक भाऊ होता, आणि त्याचं नाव काढायचं नाही. तो समजूतदार माणूस होता. त्यानं काढलं नाही.

भावाचं नाव विर्योनो. डोंगरापलीकडच्या त्यांच्या गावात तो शाळामास्तर होता. शाळा सुटली की अंगणातल्या बांबूच्या बाकावर खांबाला पाठ टेकून बसायचा आणि वाचायचा. वाचताना डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळत राहायचा. जेवायला हाक मारली तरी ऐकू जायची नाही. वारसिनी जाऊन हात ओढायची तेव्हा कुठून तरी लांबून आल्यासारखा तिच्याकडे बघायचा. ती पंधरा वर्षांची असताना एका सकाळी शिपायांचा ट्रक आला. एकानं नावं वाचली. विर्योनोचं नाव वाचलं तेव्हा तो बाकावरून उठला, हातातलं पुस्तक तिच्याकडे दिलं आणि म्हणाला, "हे आत ठेव, बाहेर ओलं होईल." आणि ट्रकमध्ये चढला. तो परत आला नाही. कुठे नेलं, काय केलं, हे विचारायलाही कुणी गेलं नाही. विचारणारासुद्धा पुढच्या ट्रकमध्ये जात होता, असे ते दिवस होते. आईनं त्याची सगळी पुस्तकं चुलीत घातली. कितीतरी दिवस त्यांच्या घरी भात पुस्तकांवर शिजत होता. त्या भाताला शाईचा वास यायचा, असं वारसिनीला वाटत राहायचं. आई म्हणायची, तुझ्या मनाचे खेळ आहेत, जेव.

नंतर लग्न झालं, डोंगर ओलांडून ती इकडे आली आणि भाऊ मागे राहिला. मुलांना तर तिनं सांगूनच टाकलं होतं की मी एकटीच, मला ना भाऊ ना बहीण.

मुलं दोन. थोरली विडुरी, धाकटा तेगुह.

तेगुह बोलायला लागला तो थांबलाच नाही. बाजारातल्या हमालांपासून मशिदीतल्या झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांशी त्याची गट्टी. कोण कसं चालतं, कोण कसं शिंकतं, सगळ्यांच्या नकला. पुस्तक उघडलं की मात्र त्याला झोप यायची. पाक गुरूंनी, म्हणजे मास्तरांनी, शाळेत कान पिळला की घरी येऊन पाक गुरूंचीच नक्कल करून दाखवायचा. वारसिनी वरवर रागवायची, पण या पोराचं तिला सुख होतं. जे पोटात ते ओठावर. अशा माणसावर कुणी संशय घेत नाही, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

विडुरीचं तसं नव्हतं. तिला अक्षर कळायला लागलं त्या वर्षापासून वारसिनीनं तिच्यावरची नजर काढली नाही. पोरगी मिठाच्या पुडीवरचं वाचायची, औषधाच्या बाटलीवरचं वाचायची, कॅलेंडरची पानं उलटी करून मागची जाहिरात वाचायची. एकदा अंगणात भाज्या निवडताना वारसिनीनं वर बघितलं तर विडुरी खांबाला टेकून शाळेचं भूगोलाचं पुस्तक वाचत होती, आणि डाव्या कानाची पाळी दोन बोटांत धरून चोळत होती. ज्या माणसाला तिनं कधी पाहिलं नाही, ज्याचं नाव घरात कुणी घेत नाही, त्याची सवय हिच्या बोटांत कुठून आली? वारसिनीच्या हातातल्या शेंगा खाली पडल्या. दुसऱ्या दिवसापासून ती लेकीच्या दोन वेण्या कानांवरून खाली ओढून घट्ट बांधायला लागली.

"माक, दुखतंय," विडुरी आईला म्हणायची.

"दुखू दे. कान झाकलेले बरे. वारा लागतो."

वेण्या बांधल्यानं काय होणार होतं? विडुरी केसांखाली बोटं घालून पाळी शोधायचीच.

बाजारामागच्या गल्लीत बू लिएन, म्हणजे लिएनबाई, नावाच्या विधवेचं पुस्तकं भाड्यानं देण्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे पुढच्या पडवीत दोऱ्यांवर वाळत घातल्यासारखी टांगलेली चित्रकथांची पुस्तकं आणि आत दोन कपाटं. विडुरी शाळेतून येताना तिथं जाते, कपाटं पुसून देते आणि त्या बदल्यात बसून वाचते, ही बातमी वारसिनीला दिली ती अर्थातच तेगुहनं, तीही जेवता जेवता, बू लिएनच्या चष्मा पुसण्याची नक्कल करत.

दुसऱ्याच दिवशी वारसिनी दुकानात गेली. माझी मुलगी इथं येता कामा नये, असं तिनं सांगितलं. बू लिएन वयानं मोठी, पण तीच घाबरून उभी राहिली. दुकानात वावगं काही नाही, असं ती परत परत सांगत राहिली. मारामाऱ्या, भुतं आणि राजकन्या. साहेब लोक येतात, कपाटं उघडून बघून जातात. वारसिनीला त्या बाईची दया आली. आपण दोघी एकाच भीतीनं भ्यालोय आणि एकमेकींना भितोय, असं तिला वाटलं, पण तिनं शब्द मागे घेतला नाही.

विडुरीला सांगितलं तेव्हा तिनं हट्ट केला नाही, रडली नाही. "बरं, माक," म्हणाली आणि भांडी घासायला गेली. वारसिनीला त्या 'बरं'चीच जास्त धास्ती वाटली. आदळआपट केली असती तर बरं झालं असतं. विर्योनोही ट्रकमध्ये असाच गुपचूप चढला होता.

मग तो दिवस आला. वागेचा बाजार होता, म्हणजे दर पाच दिवसांनी येणारी खरी गर्दी. ऊन वर चढलेलं, टपरीपुढे बाकांवर माणसं दाटीनं बसलेली. वारसिनी दगडी कुंड्यात शेंगदाणे, मिरच्या आणि गूळ वाटत होती. चौकीतला शिपाई सायकल हातात धरून आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "बू, तुमचं लेकरू चौकीत बसवून ठेवलंय. साहेबांनी तुम्हाला बोलावलंय."

कोणतं लेकरू, हे तिनं विचारलं नाही. विचारायची गरजच वाटली नाही. तिनं हात पुसले, शेजारच्या टपरीवरच्या बाईला जरा बघ म्हणाली आणि निघाली. पण चौकीकडे नाही. पाय आपोआप घराकडे वळले. आधी घर साफ करायचं. ते घरी येतीलच. आले की फळी बघतील, चटईखाली बघतील, तांदळाच्या हंड्यात हात घालतील. तिनं ते आधी बघितलेलं होतं.

घरात कुणी नव्हतं. तिनं विडुरीची चटई उचलली. खाली कॅलेंडरची जुनी पानं, कव्हर नसलेलं एक मासिक, औषधांच्या खोक्यातल्या घड्या घातलेल्या चिठ्ठ्या. कपड्यांच्या पेटीत निबंधासाठी शाळेतून मिळालेलं बक्षिसाचं पुस्तक. आणि तांदळाच्या टोपलीच्या मागे, जुन्या सारोंगच्या कापडात गुंडाळलेलं बू लिएनच्या दुकानाचा शिक्का असलेलं एक जाड पुस्तक. म्हणजे 'बरं, माक' म्हणून पोरगी जातच होती. वारसिनीला ते पुस्तक कशाचं आहे हे बघायचं सुचलं नाही. तिला जेमतेम वाचता यायचं, आणि तेवढाही वेळ नव्हता. तिनं सगळं चुलीत कोंबलं. भूगोलाचं पुस्तक शाळेचं आहे, त्यात काही नसणार, हे कळत असूनही तेही टाकलं. एकदा हात चालायला लागला की कुठं थांबायचं ते हाताला समजत नाही. रॉकेल ओतलं, काडी लावली. पानं एकेक करून वर उठायला लागली, जणू कुणीतरी आतून भराभर चाळतंय. धुरानं डोळे चुरचुरले आणि त्या धुरात तिला आपल्या आईची वाकलेली पाठ दिसली. ती मागे सरली. चुलीवर भांडं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

मग ती चौकीत गेली. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होती. पोर लहान आहे, तिला कळत नाही, मी मारीन तिला, घरात काही नाही, येऊन बघा. चौकीच्या पायऱ्या चढताना तिनं घामानं ओल्या हातांनी केस सारखे केले आणि आत पाऊल टाकलं.

बाकावर तेगुह बसला होता.

पाय जमिनीला न टेकणारा, गुडघे खरचटलेला, तोंड घट्ट मिटलेला तेगुह. तिला क्षणभर वाटलं आपण चुकीच्या खोलीत आलो.

टेबलामागे सार्जंट पाक दिर्जो. उतारवयाकडे झुकलेला माणूस, रोज सकाळी तिच्याच टपरीवर खाणारा, सोयाबीनच्या टेम्पेचा एक तुकडा जास्त मागणारा. त्यानं तिला बसायला सांगितलं. तो रागात नव्हता. ते बघून तिला जास्तच भीती वाटली.

"तुमचा मुलगा रोज इथं येऊन बसतो," तो म्हणाला. "माझ्या बायकोच्या गुडघेदुखीपर्यंत सगळं विचारतो. आज शाळा बुडवून झेंड्याच्या खांबाला झोके घेत शीळ घालत होता. मी विचारलं, हा सूर कुठून शिकलास? तेव्हापासून तोंडाला कुलूप. सकाळपासून एक शब्द नाही."

"कोणता सूर, पाक?"

पाक दिर्जोनं दाराकडे बघितलं. शिपाई बाहेर सायकल पुसत होता. मग ओठ न हलवता, घशातल्या घशात, त्यानं दोन ओळींइतका सूर गुणगुणला. पूर्ण, कुठंही न चुकता.

तो सूर वारसिनीच्या लहानपणी प्रत्येक ओसरीवर ऐकू यायचा. कांडताना, पाखडताना, पोरांना झोपवताना. मग त्या वर्षी ट्रक आले, आणि हे गाणं 'त्या लोकांचं', ज्यांना सरकार शत्रू म्हणायचं त्यांचं, आहे असं ठरलं, आणि एका दिवसात सगळ्या ओसऱ्या मुक्या झाल्या. तिनं ते त्यानंतर कधी म्हटलं नव्हतं. निदान तिला तसं वाटत होतं. आता त्या खोलीत, दगडावर बत्ता फिरवल्यासारखा तो सूर पुढं सरकला तेव्हा तिला कळलं. शेंगदाणे वाटताना. रोज. टपरीवर, चारचौघांत, या माणसाला पेचेल वाढण्याआधी. हात गोल फिरायला लागला की घसा आपोआप ते म्हणायचा. तिला स्वतःला ते ऐकू जात नव्हतं. शेजारी बसून जो पोरगा जगाचे आवाज गोळा करत होता, त्याला ते ऐकू जात होतं.

घरात एकही चिटोरा ठेवू दिला नाही, लेकीचे कान केसांनी झाकले, आणि जे यायचं ते आलं तिच्याच तोंडातून.

तिनं तेगुहकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. त्याला सगळं माहीत होतं. सूर कुणाचा, हे त्याला नक्की माहीत होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा हे पोरगं गप्प बसलं होतं.

"माझ्याकडून शिकला असेल, पाक," वारसिनी म्हणाली. आपलाच आवाज तिला दुसऱ्या कुणाचा वाटला. "मी वाटताना काहीबाही गुणगुणते. काय ते मलाही कळत नाही. आमची म्हातारी म्हणायची, तिच्याकडून राहिलं असेल."

"तुमचं माहेर कुठलं?"

हा प्रश्न येणार हे तिला माहीत होतं. गेली कित्येक वर्षं ती याच प्रश्नाची वाट बघत होती. खरं गाव सांगितलं की तिथून मास्तराचं घर लांब नव्हतं. तिनं नवऱ्याच्या गावाचं नाव सांगितलं. आवाज हलला नाही. शेजारी तेगुहनं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. बाबांचं गाव ते, हे त्याला ठाऊक होतं.

पाक दिर्जोनं खुर्ची जराशी मागे सरकवली.

"तिकडे हा सूर कुणी म्हणत नाही," तो म्हणाला. "हा डोंगरापलीकडचा. माझी आई तिकडची होती."

बाहेर बाजाराचा गलका चालू होता. कुणीतरी कोंबडीच्या भावावरून भांडत होतं. त्या आवाजाकडे कान लावल्यासारखा पाक दिर्जो थोडा वेळ खिडकीकडे बघत राहिला. त्याच्यापुढे कोरा कागद होता, पेन होतं. त्यानं पेन उचललं, टोपण लावलं आणि खिशात अडकवलं.

"रेडिओवर कितीतरी चांगली गाणी लागतात," तो म्हणाला. "त्यातलं एखादं शिका, बू. पोरालाही शिकवा. जा आता, गिऱ्हाइकं खोळंबली असतील."

त्यानं सोडलं, की नुसतं आजच्यापुरतं बाजूला ठेवलं, हे तिला कळलं नाही. पुढंही कधी कळलं नाही.

चौकीपासून बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत दोघं चालत आली. तिथं तेगुह थांबला.

"माक, मी नाही सांगितलं."

"माहीत आहे, ले," ती पोराला म्हणाली.

"ते म्हणत होते सांगितलंस तर बर्फाचा गोळा देतो. तरी नाही सांगितलं." मग जरा वेळानं, "ते गाणं वाईट आहे का?"

तिनं त्याचा हात घट्ट धरला. नाही म्हणावं तर तो उद्या परत म्हणेल. हो म्हणावं तर ते खोटं. ती एवढंच म्हणाली की ते गाणं आपलं दोघांचं, बाहेर काढायचं नाही. तेगुहनं मान हलवली. तिला आता या पोराचीही भीती वाटायला लागली होती, पण वेगळी. एवढंसं पोर आईचं गुपित पोटात घालून बसलं, ते ओझं त्याच्यावर आपणच टाकलं. तो उथळ आहे, पारदर्शक आहे, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. दोन मुलं पोटातून काढली आणि दोघांनाही ओळखलं नाही, असं तिला वाटलं.

घरी पोचल्यावर दिसलं की विडुरी शाळेतून आली होती आणि चुलीपाशी बसली होती. काठीनं राख उकरून तिनं बक्षिसाच्या पुस्तकाचं पुठ्ठ्याचा एक कोपरा बाहेर काढला होता. तिच्या नावातली शेवटची दोन अक्षरं त्यावर शिल्लक होती.

ती रडत नव्हती. "का, माक?" एवढंच म्हणाली.

वारसिनी तयारीनं आली नव्हती. रागवायचं असं तिनं ठरवलं असतं तर कारण होतं, पोरगी खोटं बोलून पुस्तक लपवत होती. पण ती जमिनीवर लेकीसमोर बसली, आणि तोंडातून भलतंच बाहेर आलं. "तुला एक मामा होता."

मग तिनं सांगितलं. तेगुहला तिनं शेजारी खेळायला पाठवलं होतं. तो गेला नाही, पडवीत भिंतीला चिकटून बसला, हे तिला नंतर कळलं. बांबूचं बाक, खांब, कान चोळणं, ट्रक, हातात दिलेलं पुस्तक, शाईच्या वासाचा भात. बोलताना ती सारखी दाराकडे बघत होती. आवाज इतका हळू की विडुरीला पुढं झुकावं लागत होतं. शेवटी ती लेकीला म्हणाली, "तू वाचतेस तेव्हा मला तू दिसत नाहीस, न्दुक. मला तो दिसतो. म्हणून जाळलं."

विडुरीनं हातातला जळका पुठ्ठा खाली ठेवला. मग तिनं विचारलं, "मामा काय वाचायचा?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न वारसिनीला कुणी विचारला नव्हता आणि तिलाही पडला नव्हता. ते शेवटचं पुस्तक तिनं स्वतःच्या हातानं आत नेलं होतं. हिरवं कापड लावलेलं होतं, जड होतं. त्याच्यात काय होतं?

"मला नाही माहीत," ती म्हणाली. आणि तेव्हा तिला रडू आलं. ट्रक गेला त्या दिवशीही आलं नव्हतं, इतकं.

बू लिएनच्या पुस्तकाची भरपाई म्हणून विडुरी पुढचे कितीतरी दिवस दुकान झाडत राहिली. पहिल्या दिवशी वारसिनी स्वतः तिच्याबरोबर गेली आणि पुस्तक जळालं असं सांगितलं. कसं ते सांगितलं नाही. बू लिएननं विचारलंही नाही. तिनं चष्मा काढून पुसला आणि, चुलीजवळ ठेवू नये पोरांनी, एवढंच म्हणाली.

पाक दिर्जो दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी टपरीवर आला. वारसिनीनं दात घट्ट आवळून शेंगदाणे वाटले. ओठांत सुपारी धरली, म्हणजे घसा चुकूनही हलला तरी कळेल. तो खाऊन गेला. दुसऱ्या दिवशी आला, तिसऱ्या दिवशी आला. वाटण चालू असताना तो मान जराशी तिरकी करून बसायचा. ती ऐकायची सवय होती, की पाळत होती, की आपल्या आईच्या ओसरीची वाट बघणारा म्हातारा होत चाललेला माणूस होता? वारसिनी रोज रात्री यातलं वेगळं काहीतरी धरून झोपायची. पावसाळ्यानंतर त्याची बदली झाली. जाताना त्यानं दोन पुड्या बांधून घेतल्या आणि पोराला सांभाळा म्हणाला. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण नवा सार्जंट तरुण होता, त्याला पेचेल आवडत नसे, आणि जो माणूस आपल्याकडे खात नाही त्याचा चेहरा वाचायचा कसा, ही नवीच काळजी लागली.

विडुरीचं वाचणं बंद करायचा विचार वारसिनीनं त्या दुपारनंतर सोडून दिला. तिला धीर आला होता असं नाही. दार बंद केल्यावर भीती खिडकीतून येते, हे तिनं बघितलं होतं. पण डोळे मिटून घरात पुस्तक येऊ देणंही तिला जमेना. शेवटी तिनं एक अट घातली. घरात येणारं प्रत्येक पुस्तक आधी मोठ्यानं वाचून दाखवायचं, पहिल्या पानापासून. आत काय आहे ते मला कळलं पाहिजे. नको ते असेल तर त्याच पावली परत.

"सगळं?" विडुरीनं विचारलं.

"सगळं. गाळायचं नाही."

संध्याकाळची मगरिबची नमाज झाली की वारसिनी दुसऱ्या दिवसाच्या भाज्या निवडायला बसायची आणि विडुरी दिव्याजवळ. पहिलं पुस्तक भुतांचं होतं. वारसिनी भुतांना जराही भ्याली नाही, पण प्रत्येक वाक्याला तिचे कान टवकारलेले. या वाक्याचा कुणी दुसरा अर्थ काढेल का? हा राजा म्हणजे कुणी भलताच समजला तर? मध्येच थांबवून ती परत वाचायला लावायची. मग दुसरं आलं, तिसरं आलं. समुद्रावरची जहाजं आली, शहरात घरकाम करणारी एक मुलगी आली. तिच्यासाठी वारसिनी दोन दिवस बेचैन होती आणि त्यात धोक्याचं काय आहे हे तिला सांगता येईना. प्रायित्नो भिंतीला टेकून ऐकता ऐकता घोरायचा. तेगुह चटईवर उपडा पडून असायचा, झोपलाय असं वाटायचं, आणि सकाळी बाजारात जहाजाच्या कप्तानाच्या आवाजात हमालांना हुकूम सोडायचा. ते ऐकलं की वारसिनी कुणी वळून बघतंय का ते बघायची. मग तिनं त्यालाही बसवलं आणि समजावलं, कुठलं बाहेर बोलायचं आणि कुठलं नाही. तो मान हलवायचा. आता त्याच्या मान हलवण्यावर तिचा विश्वास होता, आणि त्याचंच तिला वाईट वाटायचं.

वेण्या तिनं सैल बांधायला सुरुवात केली होती. बाहेर मोटारीचा आवाज आला की मात्र अजून तिचा हात आपोआप दिव्याकडे जायचा.

पुढच्या कोरड्या दिवसांतली गोष्ट. बू लिएननं कपाटाच्या मागच्या रांगेतलं एक जुनं पुस्तक विडुरीला दिलं होतं. एका दूरच्या देशातल्या गावाची गोष्ट होती. त्यात एक सुतार होता, त्याची बायको होती, त्यांचं भांडण आणि मग समेट, हे सगळं वारसिनीला फार आवडलं होतं. त्या संध्याकाळी विडुरी वाचत असताना गोष्टीतल्या गावात शिपाई आले. विडुरीचा आवाज जरासा अडखळला. मग तिनं पान उलटलं आणि पुढं वाचायला लागली, तिथं एकदम सकाळ झाली होती आणि सुताराची बायको विहिरीवर पाणी भरत होती.

वारसिनी चवळीच्या शेंगा मोडायची थांबली. तिला वाचता फारसं येत नव्हतं, पण डोळे कसे फिरतात ते बघता यायचं. विडुरीचे डोळे पानभर खाली गेले होते आणि तोंड गप्प होतं. तेगुहनंही मान वर केली होती.

बाहेर अंगणात कुणी नव्हतं. वारसिनीनं तरी उठून दार लावलं, कडी घातली, परत येऊन बसली. तिनं हात शेंगांच्या ढिगात खुपसले.

"मागे जा, न्दुक," ती म्हणाली. "ते पान वाच."